आधी मोजणी टाका, मग काय भांडायचं ते भांडा

आज सकाळी एका ग्रुपवर कुणीतरी विचारलं, शेजाऱ्याने बांध कोरलाय, काय करू? लगेच सल्ल्यांचा पाऊस. "रातोरात तारेचं कुंपण मार." "जेसीबी घाल." "सरळ केस ठोक." सरकारी मोजणीचा अर्ज टाक म्हणणारा एकही निघू नये? डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

माझ्या काकांनाही असेच सल्लागार भेटले होते. टेप लावून शेत मोजलं, सातबाऱ्यापेक्षा दोन गुंठे कमी भरलं, झाला शेजारी चोर! अहो, सातबारा क्षेत्र सांगतो. हद्द कुठून जाते ते गटाच्या नकाशात आणि जुन्या टिपणात, म्हणजे मूळ मोजणीची मापं लिहिलेल्या कागदात, असतं. 33 फुटी साखळीने घेतलेली ती मापं जमिनीवर उतरवायला भूकरमापकच, म्हणजे मोजणी करणारा माणूसच लागतो. काकांनी पोल रोवले, शेजाऱ्याने उपटले. पोलीस झाले, वकील झाले, दोन घरांचं लग्नकार्याला जाणं-येणं तुटलं.

शेवटी मोजणी आणली, तर शेजारी नोटीस घेईना, हजर राहीना. चुन्याच्या खुणा पहिल्या पावसात गेल्या आणि त्याच्या लेखी मोजणी झालीच नाही. म्हणून कळकळीने सांगतो, नोटीस आली की बांधावर हजर राहा. पटलं नाही तर तिथेच लेखी हरकत द्या, निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. 'क' प्रत, म्हणजे झालेल्या मोजणीचा नकाशा, घेतल्याशिवाय गप्प बसू नका. दाखवलेल्या खुणांवर लगेच दगड बसवा. हद्दीची खुण नष्ट करणाऱ्याला जमीन महसूल अधिनियम 1966 मध्ये दंड आहे, चुना वाहून गेला तर कुणाला धरणार?

तारीख लवकर मिळत नाही, फी जाते, खेपा होतात. मान्य. मालकीचाच वाद असेल तर दिवाणी कोर्टाशिवाय इलाज नाही, तेही मान्य. पण बांधावरची बहुतेक भांडणं मालकीची नसतातच हो.

काकांच्या मोजणीत काय निघालं सांगू? वरच्या अंगाला काका शेजाऱ्याच्या हद्दीत, खालच्या अंगाला शेजारी काकांच्या. मूळ हद्द तिरपी, आणि दोघांचे बापजादे सरळ नांगरत आलेले. कुणी कुणाचं लुबाडलं नव्हतं. काकू आणि शेजारीणबाई एकमेकींच्या बाळंतपणाला धावलेल्या बायका, त्यांचं बोलणं मात्र उगाच तुटलं. त्याचा मला आजही राग येतो.

तेव्हा अर्ज करायच्या आधी शेजाऱ्याच्या घरी जा. जमलं तर दोघं मिळून मोजणी मागा, फी वाटून घ्या. कुंपण त्यानंतर घाला, आणि खड्डे घेताना त्यालाही बोलवा.