अर्धलीचं घोडं

आज सकाळपासून डोकं सटकलंय, म्हणून लिहितेय. लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढं जावं.

झालं असं, सकाळी कोल्हापुरात गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर उभी होते. पायात बूट, गुडघ्यापर्यंत चिखल, केसांना घामाचा आणि घोड्याचा मिळून एक वास. रविवारचा माझा नेहमीचा अवतार. शेजारी आमच्या जुन्या गल्लीतले एक काका. हातात ग्लास, मिशीला फेस. मला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाले, "काय गं, घोड्यावर बसाय लागलीस म्हणं?"

म्हटलं, होय काका.

"स्वतःचं हाय?"

म्हटलं, नाही, वाट्यानं आहे. एका मुलीचं आहे, आठवड्यातले तीन दिवस मी बसते, खर्चातला हिस्सा देते.

"हात्तिच्या! मग काय उपयोग!" काकांनी उरलेलं दूध एका घोटात संपवलं, ग्लास ठेवला आणि गेले.

मग काय उपयोग!

काका, तुम्ही जे दूध पीत होता ती म्हैस तुमची होती का? समोर धार काढली, ग्लास भरला, तुम्ही प्यालात, मिशा पुसल्या. उपयोग झाला की नाही? हे मला तिथल्या तिथं सुचायला पाहिजे होतं. सुचलं पापाच्या तिकटीला आल्यावर. आमचं कायम वरातीमागून घोडं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पन्हाळा रोडला, शिवाजी पूल ओलांडून पुढं गेलं की आत एका मळ्यात पागा आहे. पागा म्हणजे काय, पत्र्याचं शेड, चार घोडी, एक म्हातारा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, आणि त्याचा मुलगा. त्यातलं एक घोडं एका मुलीचं. ती पुण्याला इंजिनिअरिंगला गेली, महिन्यातनं दोनदा शनिवारी येते. घोडं कुणीतरी चालवायला पाहिजे, नुसतं बांधून ठेवलं की त्याचं पोटही बिघडतं आणि डोकंही. तिच्या वडिलांनी ओळखीत विचारलं, ते फिरत फिरत आमच्या बँकेतल्या एका सहकाऱ्यापर्यंत आलं आणि तिथनं माझ्यापर्यंत. मंगळवार, गुरुवार, रविवार माझे. चारा, नालबंद आणि मामांचा (मोतद्दाराला सगळे मामाच म्हणतात) पगार यातला तिसरा हिस्सा माझा. बस्स, एवढंच.

घोड्याचं नाव पैलवान. कागदावर तीन शब्दांचं झोकदार इंग्रजी नाव आहे, कारण तो पुण्याच्या रेसकोर्सवर पळालाय. पळालाय म्हणजे बहुतेक वेळा मागनं पळालाय. सहाव्या वर्षी तिथलं काम संपलं, आता तेरा वर्षांचा आहे. हडकुळा, लांब पायांचा, पोट आत. असल्या जनावराला पैलवान म्हणणं फक्त कोल्हापुरात होऊ शकतं.

पहिला दिवस सांगते. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत. मी शेवटची घोड्यावर बसले होते बाविसाव्या वर्षी, त्यानंतर चोवीस वर्षांनी खोगिराला हात लावत होते. मधल्या काळात लग्न, नोकरी, दोन मुलं, गुडघा आणि एकोणीस किलो. मनात सगळं पाठ होतं. डाव्या हातात लगाम आणि थोडी आयाळ, डावा पाय रिकिबीत, उडी, उजवा पाय पुठ्ठ्यावरनं पलीकडं. प्रत्यक्षात डावा पाय रिकिबीपर्यंतच पोचेना. मामांनी घमेलं पालथं घातलं. त्यावर उभी राहिले, पाय अडकवला, उडी मारली आणि मध्येच लटकले. पोट खोगिरावर, डोकं त्या बाजूला, पाय या बाजूला. धुणं वाळत घातल्यासारखी. आणि तोंडानं "थांब, थांब, थांब" चालू. मामा शांतपणे म्हणाले, "ताई, घोडं उभंच हाय. तुमीच हलाय लागलाय."

ते वाक्य मी नंतर आयुष्यात पुष्कळ ठिकाणी वापरलंय, घरी तर रोज.

आता मूळ मुद्दा. वाट्यानं म्हटल्यावर आपल्याकडंच लोकांनी नाक मुरडावं याचं मला आश्चर्य वाटतं. आपल्याकडं शेत अर्धलीनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं करतात. शेळी अर्धलीनं देतात, करडं झाली की वाटून घेतात. म्हैस वाट्यानं संभाळणारी घरं माझ्या माहेरच्या गल्लीत होती. ज्या बाईनं ती म्हैस संभाळली तिला कुणी विचारलं नाही की मग काय उपयोग. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, अंगावर नक्षी काढून, गाडीमागं पळवत नेतात तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर येतं. जनावरावर जीव लावणं या गावाला शिकवायची गरज नाही. मग घोड्याचं नाव काढलं की सात-बारा कशाला लागतो? मी तुमचं काय घोडं मारलंय?

आणि बाईनं बसलं की आणखी वेगळं. कावळा नाक्यावर ताराराणींचा घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे, त्याच्यासमोर सगळ्यांचे फोटो. पुतळ्यातली चालते. जिवंत बाई सत्तेचाळिसाव्या वर्षी हेल्मेट घालून बसली की "या वयात?"

बरं, ऐका. काही गोष्टी मान्य आहेत. ही हौस आहे, फुकटची नाही, सगळ्यांना परवडणारी नाही. मान्य. घोडं जायबंदी झालं तर डॉक्टरचा खर्च कुणाचा, मी पडले तर जबाबदारी कुणाची, हे आधीच लिहून घ्यायला लागतं, नाहीतर चांगल्या माणसांची तोंडं फिरतात. आम्ही लिहून घेतलं. तेही मान्य. पुढं चला.

वाट्याच्या घोड्यात खरी मेहनत असते ती वागण्याची. तुमचं स्वतःचं असेल तर तुम्ही तुमच्या मनाचे राजे. वाट्यात तसं नाही. ती मुलगी त्याला तोंडाशी हलका हात ठेवून चालवते, तर मीही लगाम ओढून त्याचं तोंड दगड करायचं नाही. तिनं महिनाभर खपून जे शिकवलं ते मी एका रविवारी बिघडवायचं नाही. उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं हातात धरून चालवायचं, श्वास खाली आल्याशिवाय तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची चंदीची पिशवी, चढवायचा नाही. घोड्याला उलटी होत नाही, माहितीये? जे आत गेलं ते पुढंच जाणार. म्हणून पोटशूळ म्हटलं की पागेत सगळ्यांचे चेहरे उतरतात. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदा आवळून भागत नाही, कारण हा लबाड पोट फुगवून उभा राहतो. चार पावलं चालवून परत दोन भोकं आवळायची. मग खूर उचलून बघायचे, पावसाळ्यात तर वास घेऊन बघायचे. पायांवरनं हात फिरवायचा, कुठं गरम लागतंय का. खरारा करताना डाव्या खांद्यापाशी आलं की तो खालचा ओठ लोंबता सोडतो आणि डोळे अर्धे मिटतो. तिथं मी उगाच दोन मिनिटं जास्त घालवते. मामा बघून न बघितल्यासारखं करतात.

शेडमध्ये खिळ्याला एक दोनशेपानी वही टांगलीय, सुतळीला पेन बांधून. कोण बसलं, किती वेळ, काय खाल्लं, सगळं त्यात. मुलीचं अक्षर बारीक आणि सरळ, माझं बँकेतलं गिचमिड. मामांना लिहिता येत नाही. ते त्यांच्या दिवशी एक उभी रेघ मारतात, आणि नालबंद येऊन गेला की नालेचं चित्र काढतात. सहा-सात आठवड्यांनी एक नाल. पान उलटत गेलं की माझ्या दीड वर्षाचा हिशेब त्या नालांवर होतो. जुलैतली काही पानं कोरी आहेत, कारण पंचगंगा रस्त्यावर आली की माझा वार बुडतो. लोक सोन्याचा भाव बघतात, मी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघते. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. इशाऱ्यालाच माझा जीव वर-खाली.

पुन्हा त्या फेब्रुवारीतल्या सकाळीवर येते. मी लटकले होते तेवढं सांगितलं, पुढचं नाही सांगितलं. मी तशी लोंबकळत असताना पैलवाननं मान वळवली आणि माझ्या गुडघ्याला नाक लावलं. फुर्रकन हवा सोडली. रेसकोर्सवर वाढलेलं, पाठीवर काही हललं की पळायचं एवढंच शिकलेलं घोडं ते. त्यानं पळायला पाहिजे होतं. तो उभा राहिला. त्याला कुणी कागद दाखवला नव्हता की ही बाई मालकीण नाही, हिला किती सहन करायचं ते ठरव.

काकांवर राग आहे तो आहेच. पण लिहिता लिहिता कळतंय की राग सगळा काकांवर नाही.

माझे आजोबा स्टेशनवर टांगा हाकायचे. हे मी इथं पूर्वी लिहिलेलं नाही. टांगा त्यांचा नव्हता, घोडीही नव्हती. मालकाला संध्याकाळी ठरलेली रक्कम मोजायची, उरेल ते आपलं. घोडीचं नाव चंद्री. आजोबांच्या तोंडी 'मालकाची घोडी' हा शब्द मी कधी ऐकला नाही. "आमची चंद्री." मी दहा-बारा वर्षांची असताना संध्याकाळी टांगा सुटला की मला उघड्या पाठीवर बसवून ते पंचगंगेच्या घाटावर न्यायचे, तिला धुवायला. खोगीर नाही, रिकीब नाही, आयाळ धरायची आणि पायानं आवळायचं. माझी मांड तिथं बसली. नंतर कॉलेजात रीतसर शिकले, पण शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आधी कुठं बसत होतीस?

ज्या गावचा राजा, शाहू महाराज, स्वतः खडखडा (घोडागाडी) हाकत दलित समाजातल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलाशी थांबून चहा प्यायचा, त्या गावात टांगेवाल्याची नात म्हणवून घ्यायला लाज वाटायचं कारण नाही. तरी शाळेत वाटायची. असो.

रिक्षा वाढल्या, टांग्यांचं गिऱ्हाईक गेलं. एके दिवशी आजोबा सकाळी चंद्रीला घ्यायला गेले तर खुंटा मोकळा. मालकानं रात्रीतनं विकली होती. त्यात त्याची चूक काय, घोडी त्याचीच. आजोबा तोबरा घेऊन घरी आले. भिजवलेले हरभरे तसेच त्यात. आजीनं त्या दिवशी त्याची उसळ केली नाही.

तर काका, या एका बाबतीत तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही. दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं.

आणि ते आजच का लागलं तेही सांगून टाकते. गेल्या आठवड्यात पैलवानच्या मालकिणीचा, त्या पुण्यातल्या मुलीचा, मेसेज आला. शेवटचं वर्ष आहे, कदाचित बाहेर नोकरी लागेल, बाबा म्हणतायत की दिवाळीनंतर पैलवानचं काहीतरी ठरवायला पाहिजे. "काकी, अजून काही नक्की नाही." मी अंगठा पाठवला. अंगठा! दुसरं काय पाठवणार? नवरा म्हणतो, मग आपणच घेऊन टाकू. प्रेमानं म्हणतो, पण दोन फ्लॅटचे हप्ते आणि मुलाची फी तोच भरतोय, त्याला आकडे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. आणि मला नोकरी संभाळून सातही दिवस, रात्री-अपरात्री पोट दुखलं तर पळणं, हे जमणार नाही. तीन दिवसच जमतात. तीन दिवसांचं घोडं मला पुरतं. तेवढंच मागत होते मी.

त्या पहिल्या दिवशी शेवटी बसले. मामांनी मागनं ढकललं, सभ्यपणे. दोन फेऱ्या चालीनं, अर्धी फेरी दुडकी, दात वाजले, खाली उतरले तर पाय थरथरत होते. सगळ्यांसमोर हसले. मग गाडीत बसले, शिवाजी पुलावर आले, हात नाकाशी नेला आणि रडू फुटलं. हाताला चंद्रीचा वास होता. सगळ्या घोड्यांना तोच येतो म्हणा. मागचा ट्रकवाला हॉर्न मारत होता, मी पुलावर गाडी थांबवून रडत होते.

आज कट्ट्यावरनं घरी येऊन हे लिहायला बसले तेव्हा काकांना चांगलं झोडपायचं ठरवलं होतं. आता तेवढा जोर राहिला नाही. भेटले तर एक ग्लास दूध पाजीन, आणि म्हशीचं विचारीनच.

सकाळी वहीत काल आलेल्या मुलीच्या अक्षरात होतं: "नालबंद बुधवारी दुपारी येणार. मागच्या वेळी उजव्या मागच्या पायाला नालेचा खिळा मांसाजवळनं गेला होता, तेव्हापासून घाबरतो. काकींनी जमलं तर डोक्यापाशी थांबावं. त्यांच्याजवळ तो गप उभा राहतो."

बुधवार माझा वार नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकायला पाहिजे.