दारावर घेतलेल्या मालालाही कायदा आहे

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज चार वेळा आला: "दारावर आलेल्या माणसाकडून किंवा फोनवरून घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागत नाही. पक्कं बिल नसेल तर तक्रार होत नाही. केस कंपनीच्या गावी जाऊन करावी लागते, वकील वेगळा. झालं ते विसरा." पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण हे वाचून माणसं हक्काच्या पैशावर पाणी सोडतात. माझ्या मावशीनं सोडलंच होतं.

कायदा लागत नाही, हे तर साफ खोटं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. ग्राहक कोण हे सांगतानाच त्यात ऑनलाइन, टेलिशॉपिंग आणि थेट विक्रीतली खरेदी धरलेली आहे. जाळं उभारून थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांसाठी डिसेंबर २०२१ पासून वेगळे नियमही आहेत: ओळखपत्र नसताना आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय विक्रेत्यानं कुणाच्या घरी जायचं नाही.

मावशीकडं पाण्याचा फिल्टर विकायला दोन पोरं आली ती भर दुपारी, मावशी घरात एकटी असताना. ग्लासात बोअरचं पाणी घेतलं, त्यात दोन दांड्यांचं यंत्र बुडवून बटण दाबलं. दोन मिनिटांत पाणी गढूळ, तपकिरी. शेजारच्या ग्लासात त्यांच्या फिल्टरचं पाणी, ते तसंच नितळ. "मावशी, हे विष पिताय तुम्ही." २०१६ साली जिथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात पाण्याची भीती घालायला कितीसा वेळ लागतो? खरं तर तो गाळ लोखंडी दांडीच्या गंजाचा. बोअरच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते आणि दांडी झिजते. त्यांच्या फिल्टरच्या पाण्यात क्षार अगदीच कमी असतात, म्हणून काही होत नाही. पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे त्यातून कळतच नाही. ते कळतं असं भासवून माल गळ्यात मारणं ही कायद्याच्या भाषेत अनुचित व्यापारी प्रथा आहे.

बिलाचं म्हणाल तर मावशीकडं पेनानं 'बुकिंग ३०००' लिहिलेली चिठ्ठी तेवढी होती. पण बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. म्हणजे दोष त्यांचा, आणि तो अंगावर घ्यायचा मावशीनं? चिठ्ठी, फोनपेची नोंद, फिल्टरवरचा नंबर, आलेले कॉल, जे असेल ते जपून ठेवा.

कंपनीच्या गावी जायची गरज नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन लावा.

या मेसेजला उत्तर म्हणून एकानं लिहिलं, की दारावर घेतलेला कुठलाही माल दहा दिवसांत परत करता येतो. तेही खरं नाही. केवळ मन बदललं म्हणून माल परत घ्यायला लावणारा सरसकट नियम आपल्याकडं नाही. माल सदोष निघाला तर मात्र तो परत घेऊन पैसे द्यावेच लागतात, बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत. विम्याचं वेगळं: आयुर्विम्याची किंवा आरोग्य विम्याची वर्षभराची किंवा त्याहून मोठी नवी वैयक्तिक पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत रद्द करता येते. फोनवर गोड बोलून विकलेल्या पॉलिसीसाठी हे नक्की लक्षात ठेवा.

जाहिरातीचे फोन बंद करायचे तर १९०९ ला फोन लावून नोंद करा.

मावशीची तक्रार आम्ही १९१५ वर नोंदवली आहे. चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर टाकलाय. त्याच पोरांकडून आणखी कुणी फिल्टर घेतला असेल तर कळवा, आयोगात एकत्र तक्रार करता येते.