बाळ सासरी, सेट माहेरी

बारशाला येणाऱ्या पाहुण्याला मुलगा झाला की मुलगी, एवढंही माहीत नसलं तरी चालतं. त्याच्या हातातला पारदर्शक झाकणाचा बेबी सेटचा खोका दोघांनाही लागू पडतो. आत चकचकीत कापडात रुतवून बसवलेलं तेल, पावडर, साबण, शाम्पू, लोशन आणि मधे जागा उरली म्हणून एक पिवळं रबरी बदक. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं आमच्या लेकीच्या बाळाचं बारसं डोंबिवलीत आमच्याकडे झालं. संध्याकाळी पाहुणे पांगले, तेव्हा पलंगाखाली झाडू जाईना.

यातलं बाळाच्या अंगाला काहीही लागलं नाही. डॉक्टरांनी पावडर बंद केली, ती श्वासावाटे छातीत जाते म्हणून. मालिशवाल्या मावशींनी तेलाची बाटली उघडून हुंगली आणि "हे कसलं पाणी? घाण्याचं खोबरेल आणा" असा निकाल दिला. साबण आमच्या हिनं बाद केला. घरात डाळीचं पीठ आणि साय असताना साबण कशाला? लोशनला वास येतो म्हणून ते लेकीनं नाकारलं. या चौघांचं एरवी कशातच जमत नव्हतं. धुरी द्यायची की नाही यावरून तर डॉक्टर आणि मावशी एकमेकांचं तोंड न बघता आमच्यामार्फत भांडत होते. पण सेट नको, यावर मात्र एकमत.

तिसरा महिना भरला आणि लेक सासरी निघाली. गाडीत पाळणा बसला, दुपट्यांचं गाठोडं बसलं, अळिवाच्या लाडवांचा डबा बसला. "बाबा, सेट राहू देत, जागा नाहीये," ती म्हणाली. डिकीत अजून एक जावई मावला असता, पण लेकीशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही.

कोणाला तरी देऊन टाका, असं सगळेच म्हणतात. पण कोणता सेट कोणी दिला याची यादी बारशाच्या गडबडीत वाहून गेली होती, आणि ज्याचा त्यालाच परत गेला तर सोसायटीच्या जिन्यात तोंड दाखवायची सोय राहत नाही. शिवाय एका खोक्याच्या तळाशी भलत्याच बाळाच्या नावाची चिठ्ठी निघाली. त्या बाळाची मुंज मी गेल्या वर्षी जेवलो आहे. तेव्हा कळलं, हे सेट कोणी विकत घेत नसावं. ते नुसते फिरत असतात. रिकाम्या हातानं कसं जायचं या प्रश्नाचं ते उत्तर आहे, बाळाचा त्यात संबंध नाही.

निवृत्त माणसाकडे वेळ असतो आणि भिंगही असतं. मी बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायला बसलो. बाळाचं तेल म्हणजे मुख्यतः लिक्विड पॅराफिन निघालं. ज्या कच्च्या तेलातून पेट्रोल-डिझेल येतं, त्याच घराण्यातलं, फक्त शुद्ध करून सुवास घातलेलं. शिलाई मशीनचं तेलही याच भाऊबंदकीतलं. म्हटलं, मावशींचं नाक खरं! त्याच दुपारी मी हिच्या मशीनला, बाल्कनीच्या दाराला आणि कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. वर्षानुवर्षं कुरकुरणारं दार गप्प झालं. तोटा एवढाच, की आता मी रात्री फ्रिज उघडायला उठलो की हिला कळत नाही, आणि कळलं की ती दचकते.

तेलाचा खरा पराक्रम मात्र स्वयंपाकघरात झाला. नव्या स्टीलच्या पातेल्यावर, नेमकं मधोमध, स्टिकर चिकटवणारा माणूस कोण असतो मला ठाऊक नाही. पण त्याला घरी भांडी घासायला लागत नसणार. नखं झिजतात, कागद निघतो, डिंक राहतो, आणि त्या डिंकावर पुढची दहा वर्षं काळा गोल जमतो. तिथं हे तेल चोळलं, थोडा वेळ मुरू दिलं की फडक्यानं सगळं पुसून येतं. मग पातेलं साबणानं घासायचं, झालं. शेजारपाजारहून पातेली यायला लागली. मी पैसे घेतले नाहीत, पण चहा नाकारला नाही.

पावडरीचं प्रकरण जरा जड गेलं. पावडर म्हणजे पूर्वापार संगजिरं, म्हणजेच टाल्क, खनिजांतलं सर्वांत मऊ. त्यावरून अमेरिकेत हजारो खटले झाले, आणि जॉन्सन अँड जॉन्सननं 2020 मध्ये तिथली आणि 2023 मध्ये जगभरची टाल्कची बेबी पावडर बंद करून मक्याच्या पिठाची चालू ठेवली. आमच्या साठ्यात दोन्ही जाती होत्या. मी आधी ती क्लबातल्या कॅरमवाल्यांकडे नेली. त्यांनी डबा बघितला, मला बघितलं आणि "काका, आम्ही बोरिक वापरतो" म्हणाले, ज्या स्वरात माणूस "आम्ही श्रावणात खात नाही" म्हणतो. पंक्चरवाल्यानं टायरमधे ट्यूबला चोळायला एक डबा घेतला, तर दिवसभर त्याच्या टपरीला बाळंतिणीच्या खोलीचा वास. पत्त्यांचा जुना कॅट पावडर लावून इतका सुळसुळीत झाला, की मेंढीकोटात पिसणाऱ्याच्या हातातून हुकूम आपणहून जमिनीवर यायला लागला.

मग मला वरच्या मजल्यावरचा मुलगा आठवला. तो तबला शिकतो, आणि आमच्या गावच्या घामात तळवा तबल्यावरच्या काळ्या शाईवर चिकटतो ही त्याची तक्रार होती. मी उदार मनानं त्याला डबे दिले. हात मोकळा झाला. पूर्वी तो अर्ध्या तासात कंटाळायचा, आता जेवणं होईपर्यंत तबल्याचा कायदा चालतो, आणि त्याची आई मला जिन्यात थांबवून आभार मानते.

शाम्पूबद्दल माझी काही तक्रार नाही. स्वेटर, शाली त्यात छान निघतात, चष्म्याच्या काचा लख्ख होतात. पापण्यांना कोंडा झाला तर हा शाम्पू पाण्यात कालवून पुसा, असं डोळ्यांचे डॉक्टर पूर्वी सांगायचेच. साबण पावसाळ्यात फुगलेल्या ड्रॉवरच्या कडांना घासले. उरलेले हिनं साड्यांच्या घड्यांत सारले.

पेच पडला तो ओल्या पुसण्यांवरून, म्हणजे त्या वाइप्सवरून. एकेका सेटबरोबर जाडजूड पाकीट. स्विचेस पुसले, पंख्याची पाती पुसली, तरी संपेनात. मी देव्हाऱ्याकडे वळलो तशी ही आडवी आली. "देवांना असलं काही लावायचं नाही." मी म्हटलं, गणपती, अन्नपूर्णा यांचं मान्य; पण बाळकृष्ण? रांगतं बाळ आहे, हातात लोणी आहे, बरबटलेलं आहे. पाकिटावरही तेच चित्र आहे, लोण्याऐवजी बिस्किट एवढाच फरक. ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आधी डॉक्टरांना विचारा, चालेल का."

परवा तेलाची शेवटची बाटली संपली आणि दार परत कुरकुरायला लागलं. नाक्यावरच्या मेडिकलमधे गेलो, बेबी ऑइल मागितलं.

"बाळ किती महिन्यांचं, काका?"

"बाळ नाही. बिजागरी आहे."

त्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि वरच्या फळीकडे हात नेला. "मग सेटच घ्या ना. सुटं महाग पडतं. पावडर, साबण, शाम्पू सगळं येतं, आणि या महिन्यात बदक दोन आहेत."