यादीतून नाव कोणी गाळलं?

महाराष्ट्रात कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय निघाला की गाडी हमखास साहित्याकडे वळते. यंत्र कविता करील का, अनुवादकांच्या पोटावर पाय येईल का, मराठी टिकेल का. दिवाळी अंकांतले परिसंवाद असोत की रविवारच्या पुरवण्या, सूर हाच. ही काळजी खोटी नाही. पण नेदरलँड्समध्ये बसून ती वाचताना वाटतं, की यंत्र आणि समाज यांची गाठ कवितेआधी सरकारी अर्जाच्या रकान्यात पडते, आणि तिकडे फारसं कोणी बघत नाही.

भाषेपुरतं बोलायचं तर बाजार बरंच काही आपणहून दुरुस्त करतो. चॅटजीपीटीसारखी भाषेची मॉडेल्स मजकुराचे तुकडे, म्हणजे टोकन, करून वाचतात आणि वापराचे पैसेही टोकनांवर लावतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने मे २०२४ मध्ये नवं मॉडेल आणताना आकडे दिले होते. एका छोट्या नमुन्याचे मराठीत आधी ९६ टोकन होत, ते ३३ वर आले. इंग्रजीत २७ चे २४ झाले. साडेतीन पट महाग असलेली मराठी दीडपटीच्या आत आली. हे काही संमेलनाच्या ठरावामुळे झालं नाही. आठ कोटींहून जास्त बोलणारे म्हणजे मोठं गिऱ्हाईक. सरकारी लाभाच्या यादीतून नाव उडालेली बाई मात्र कोणाचंच गिऱ्हाईक नसते.

इथलं प्रकरण त्यासाठी नीट पाहावं. नोकरदार आईवडिलांना पाळणाघराच्या खर्चासाठी सरकार भत्ता देतं. २०१३ पासून डच कर खातं या अर्जांना जोखमीचे गुण देणारी प्रणाली वापरू लागलं. बरोबर आणि चुकीच्या ठरलेल्या जुन्या अर्जांवरून ती शिकत असे, आणि अर्जदार डच नागरिक आहे की नाही हाही तिचा एक निकष होता. जास्त गुणांचा अर्ज कर्मचाऱ्यासमोर जाई, पण गुण कशामुळे चढले हे त्याला दिसत नसे. त्यात वसुलीची रीत अशी, की एखादी सही राहिली किंवा स्वतःच्या वाट्याची थोडी रक्कम भरायची राहिली, तरी वर्षाचा अख्खा भत्ता परत मागायचा. कुटुंबंच्या कुटुंबं हजारो युरोंच्या कर्जात गेली. जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि डिसेंबरमध्ये डेटा संरक्षण प्राधिकरणाने कर खात्याला २७.५ लाख युरोंचा दंड केला.

परक्यावर जरा जास्त नजर ठेवायची आणि नियम म्हणजे नियम, या दोन्ही सवयी त्या कचेरीत यंत्राच्या आधीपासून होत्या. यंत्राने त्यांना न थकणारे हात दिले.

आपल्याकडे नागरिकत्वाचा रकाना बाजूला ठेवा. घोळ नावाच्या रकान्यात आहे. तेलंगणा सरकारची ‘समग्र वेदिका’ ही संगणकप्रणाली वेगवेगळ्या खात्यांच्या याद्या जोडून माणूस ओळखते. नाव-पत्ता चुकीचा जुळला की दुसऱ्याची मोटार तुमच्या खाती पडते आणि रेशनकार्ड रद्द होतं. २०१६ पासून रद्द केलेली सुमारे १९ लाख कार्डं पुन्हा तपासण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये द्यावा लागला.

मराठी नावं तर या कामाला फारच कठीण. समजा, एका यादीत ‘सुनीता रमेश कऱ्हाडे’, दुसरीत ‘कऱ्हाडे सुनीता आर.’ आणि जुन्या बँकखात्यात माहेरचं नाव. रोमन लिपीत सुनीतामधली ‘नी’ कोणी एका आयने लिहितो, कोणी दोन ईंनी. देवनागरीतही सुटका नाही. ‘ऱ्हा’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ऱ अधिक हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी आडनावं. संगणकावर अक्षरांना क्रमांक देणारी जी युनिकोड पद्धत, तिची नेहमीची एकसारखं करण्याची पायरीही हा फरक मिटवत नाही. तो नियम कोणीतरी आठवणीने वेगळा लिहावा लागतो.

मग जुळणी टक्क्यांवर ठरते: किती टक्के जुळलं की दोन नोंदी एकाच माणसाच्या मानायच्या, हा उंबरठा. तो वर नेला तर एकीच्याच दोघी होतात, खाली आणला तर दोघींची एक. पहिल्या चुकीत सरकारचे थोडे पैसे जातात, दुसरीत कोणाच्या तरी घरातलं धान्य थांबतं. यातली कोणती चूक चालेल हे गणित सांगत नाही. ते कचेरीतलं कोणीतरी ठरवतं, आणि बहुधा कुठे लिहूनही ठेवत नाही. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेतले सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याचं सरकारने याद्या ताडून जाहीर केलं, तेव्हा वाद झाला तो मतांवर आणि तिजोरीवर. जुळणी कशी केली, हा प्रश्न माझ्या तरी वाचनात आला नाही.

नेदरलँड्समध्येही सगळं आलबेल आहे असं नाही. डिसेंबर २०२२ पासून सरकारी अल्गोरिदमची, म्हणजे निर्णयांसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकी नियमांची, सार्वजनिक नोंदवही आहे, पण तीत नोंद करणं सरसकट सक्तीचं नाही. युरोपच्या एआय कायद्याने सरकारी लाभांची पात्रता ठरवणाऱ्या प्रणाली ‘उच्च जोखीम’ वर्गात टाकल्या, आणि ती कलमं लांबणीवर टाकण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगानेच २०२५ मध्ये आणला.

भारतात मात्र २००५ पासून माहिती अधिकाराचं कलम ४(१)(घ) आहे: निर्णयाची झळ ज्याला बसली त्याला कारणं सांगणं हे प्रशासनाचं काम. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. तेवढ्यात पाच प्रश्न बसतात. कोणत्या याद्या ताडल्या, कोणते रकाने जुळवले, उंबरठा किती ठेवला, तो कोणाच्या सहीने ठरला, आणि तक्रारीनंतर किती नावं परत घेतली. ‘तुम्ही कृत्रिम बुद्धिमत्ता वापरता का’ असं मात्र विचारू नये. ‘नाही’ असं एका ओळीचं उत्तर येईल, आणि याद्या जुळवण्याला कचेरीत कोणी त्या नावाने ओळखत नसल्यामुळे ते खोटंही ठरवता येणार नाही.