संग्रहालय बांधू नका, खदानीत उतरवा

मराठवाड्यात कुठंही इथल्या दगडाचं, इतिहासाचं म्युझियम करायचं म्हटलं की चित्र ठरलेलं असतं. समोर काचेची भिंत, वर घुमट, दर्शनी बाजूला वेरूळसारखे दिसणारे फायबरचे खांब आणि पुढ्यात कारंजं. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत ती काच थंड ठेवायला दिवसभर एसी, कारंज्याला टँकर. (कारंजं उद्घाटनापुरतंच चालतं म्हणा.)

इथल्या दगडावरूनच इमारत सुचायची असेल तर ती वर कशाला चढवता? खाली न्या. त्यासाठी नवा खड्डाही खोदायला नको. शहरांच्या कडेला बंद पडलेल्या खदानी आहेतच. खडी संपली, क्रशर गेला, आता तिथं कचरा पडतो आणि पावसाळ्यात पाणी साचतं.

अशा खदानीची उभी कड एकदा नीट बघा. तळाला घट्ट काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट. वर जाईल तसा तो भोकाभोकांचा होतो, त्याला आपल्याकडं मांजऱ्या म्हणतात. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे तिथं अडकले, पुढं त्या पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक भरले. नखानं टोकरलं तर काही निघूनही येतात. त्याच्यावर कुठंकुठं विटकरी लाल पट्टा लागतो, आणि त्याच्यावर पुन्हा काळा पाषाण. एक लाव्हा थंड झाला, त्याची झीज होऊन माती झाली, मग दुसरा लाव्हा त्या मातीवरून गेला. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा मामला. ही कड झाकून तिच्यापुढं फ्लेक्सवर तीच माहिती छापणं म्हणजे कमाल आहे!

आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात कैलास लेणं कळसाकडून पायाकडं कोरत नेलं. देवगिरीला डोंगराची कडच उभी तासली. दगड कुठं घट्ट, कुठं ठिसूळ, हे ओळखणारी माणसं होती ती. आपण मात्र त्यांच्या खांबांची नक्षी तेवढी उचलतो.

आता अडचणी. पहिली पाण्याची. दोन थरांच्या सांध्यातून पावसाळ्यात पाझर फुटतो, हे विहीर खोदणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणून वस्तू कडेला टेकवून ठेवायच्याच नाहीत. मधे चालण्यापुरती मोकळी फट, तळाला चर, आणि पाणी एका बारवेत. टँकरचा प्रश्नही थोडा सुटेल.

दुसरी छताची, आणि इथं मी अजिबात ऐकणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची जड माळवदं अंगावर कोसळून. ‘पारंपरिक लुक’ म्हणून कुणी डोक्यावर दगडमाती ठेवायला निघालं तर त्याला नकाशासकट परत पाठवा. वर हलकं पोलादी छत, कडेचे सुटे दगड आधी काढलेले, बास.

आत काय ठेवायचं याची काळजी नको. मांजरा खोऱ्यात हत्तीकुळातल्या प्राण्यांचे जीवाश्म सापडलेत, तेरचं प्राचीन व्यापारी नगर आहे. नांदेडकडच्या देगलूर-बिलोलीकरांनो, तुमच्याकडं मात्र ग्रॅनाइट आहे, बसाल्टच्याही कितीतरी आधीचा. तुमची इमारत वेगळीच दिसायला हवी, इकडची कॉपी मागू नका.

तुमच्या गावाजवळ बंद खदान असेल आणि कडेला लाल पट्टा दिसत असेल तर फोटो टाका. पुढं माणूस उभा करा, म्हणजे उंची कळेल. कडेपासून लांबच, पण.