टॅपेट कव्हरच्या गळतीवर ब्रेक ऑइलचा उतारा? नको, काका!

"टॅपेट कव्हरमधून ऑइल गळतंय? पॅकिंग बदलू नका, गॅरेजवाले लुटतात! इंजिन ऑइलमध्ये एक झाकण ब्रेक ऑइल टाका, रबर फुगून गळती कायमची बंद. तरी थांबली नाही तर बोल्ट करकचून आवळा, सिलिकॉन फासा, पुढच्या वेळी जाड ऑइल भरा."

हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. (टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, पॅकिंग म्हणजे त्याखालची रबरी पट्टी.) मी सोडून दिला होता. काल सांगलीच्या काकांनी घरच्या ग्रुपवर ब्रेक ऑइलच्या बाटलीचा फोटो टाकला आणि विचारलं, "एक झाकण पुरे, की दोन?" काका, बाटली आधी कपाटात ठेवा.

रबर फुगतं, एवढं खरं आहे. म्हणून तर चार दिवस गळती कमी झाल्यासारखी वाटते आणि माणूस मेसेज पुढे पाठवतो. डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइल ग्लायकॉल ईथरचं असतं. ब्रेकमधली रबरं ईपीडीएम नावाच्या रबराची, त्यांना ते चालतं. इंजिनातली सीलं बहुधा नायट्राइल किंवा अॅक्रिलिक रबराची. ती ब्रेक ऑइलमध्ये फुगतात, मग लिबलिबीत होऊन कामातून जातात. शिवाय ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि इंजिन ऑइलमध्ये धड मिसळतही नाही. बेअरिंगला वंगणाऐवजी हे पाजायचं?

आणि ते फक्त टॅपेट कव्हरपाशी जाऊन थांबणार आहे का? ऑइल जिथे जिथे जातं तिथे तेही जाणार: व्हॉल्व्ह सीलपर्यंत, क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, पुढच्या-मागच्या सीलपर्यंत. टॅपेट कव्हर इंजिनाच्या डोक्यावर असतं. बहुतेक छोट्या गाड्यांत ते उघडून पॅकिंग बदलणं हे गॅरेजमधल्या सोप्या कामांपैकी एक. क्रँकचं मागचं सील बदलायला मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो. लुटीपासून वाचवायला निघालेल्या माणसाने हा हिशेब केलेला दिसत नाही. मुळात पॅकिंग गळतं ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक आणि चपटं होऊन. त्याची गेलेली लवचीकता फुगवून परत येत नाही.

आता बोल्ट. होंडा सिव्हिकच्या 1996 ते 2000 सालच्या मॉडेलांचं सर्व्हिस मॅन्युअल माझ्याकडे आहे. ती गाडी आपल्याकडे आली नाही, पण इंजिनाची तत्त्वं काही व्हिसा मागत नाहीत. त्यात टॅपेट कव्हरच्या नटांना 9.8 न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) दिलंय आणि चाकाच्या नटांना 108. म्हणजे चाक आवळण्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी, तेही दोन-तीन टप्प्यांत, ठरलेल्या क्रमाने. करकचून आवळलं की पॅकिंग चेपून बाहेर येतं, कव्हर वाकतं, नाहीतर हेडमधले आटे जातात. बरं, जुन्या गाडीत बोल्ट सैल झालेला असू शकतो, हे मान्य. तो टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, मापात आवळून बघायला हरकत नाही. हाताचा जोर दाखवायची ही जागा नव्हे.

सिलिकॉनचंही उत्तर त्याच मॅन्युअलात आहे. लावायचं ते अर्धगोल खाचांच्या कोपऱ्यांपुरतं, जुना थर पूर्ण काढून, आणि लावल्यावर 5 मिनिटांच्या आत कव्हर बसवून. ऑइल भरायच्या आधी किमान अर्धा तास थांबायचं. चौफेर फासलेलं सिलिकॉन आतल्या बाजूलाही पिळून निघतं, त्याचे तुकडे खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर अडकतात.

जाड ऑइलाने म्हाताऱ्या इंजिनाची पाझर जराशी कमी होते, नाही म्हणत नाही. पण 5डब्ल्यू-30 हे पातळ ऑइल सांगितलेल्या गाडीत 20डब्ल्यू-50 हे जाड ऑइल ओतलं की सकाळी थंड इंजिनात वरपर्यंत ऑइल पोचायला उशीर लागतो. फाटकं पॅकिंग फाटकंच राहतं.

या मेसेजमध्ये ब्रीदरचा, म्हणजे इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेचा, उल्लेखच नाही, याचंच नवल वाटतं. या वाटेवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा ब्रीदरचा पाइप तुंबला की इंजिनाच्या आत दाब वाढतो आणि नवीन पॅकिंगमधूनही ऑइल बाहेर येतं. तेव्हा काका, आधी इंजिन पुसून घ्या, दोन दिवस गाडी चालवा आणि ओल कुठून सुरू होते ते बघा. ऑइल खाली ओघळतं, त्यामुळे वरची गळतीसुद्धा खालची वाटते. ब्रीदर तपासायला सांगा. स्पार्क प्लग बसतो त्या खड्ड्यात ऑइल असेल तर तिथली सीलंही त्याच वेळी बदला. नुसती ओल असेल तर घाई नाही, डिपस्टिक बघत राहा. पण ऑइल सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या तापलेल्या नळ्यांवर, पडून जळका वास येत असेल तर गाडी लगेच गॅरेजला न्या, कारण तिथे आग लागू शकते.