नम्र कसं दिसावं

अभिनंदन! आपल्या चर्चच्या मंडळीच्या पंचकमिटीला उभं राहायचं तुम्ही अखेर मनावर घेतलंत. अर्थात हे बाहेर बोलायचं नाही. बाहेर सांगायचं, "माझी मुळीच इच्छा नव्हती हो, पण प्रभूचं पाचारण आलं." पाचारण नेमकं अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, तेही कार्यालय बंद व्हायच्या आत येतं, याचं आपल्यात कुणाला नवल वाटत नाही.

आधी बसायला शिका. बायबलात लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलंय, मेजवानीला गेलात तर सर्वांत खालच्या जागी बसा, म्हणजे यजमान येऊन म्हणेल, मित्रा, वर येऊन बस. लोकलच्या चौथ्या सीटवर वाढलेल्या मुंबईकराला यात नवीन काही नाही: आधी टेकायचं, मग सरकायचं. तेव्हा शेवटचा बाक धरा, पण पाळकसाहेबांची नजर पडेल अशा कडेचा. पंखाही तिथेच असतो.

आता अंतःकरणाचा बदल. हे प्रकरण वाटतं तेवढं अवघड नाही. यहेज्केलाच्या छत्तिसाव्या अध्यायात देव स्वतःच म्हणतो, तुमचं पाषाणमय हृदय काढून मांसमय हृदय देईन. देणारा तो, मग आपण कशाला मध्ये पडा? म्हाडात अर्ज टाकल्यावर आपण विटा वाहायला जातो का? परळच्या खोलीच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी अकरा वर्षं बोलणं नाही ना, मग कुणी विचारलंच तर डोळे मिटून म्हणा, "मी प्रभूवर सोपवलंय. तो त्याचं हृदय बदलेल." त्याचं! आपलं नव्हे. या एका वाक्याने कल्याणचं जाऊन-येऊन तिकीट वाचतं, शिवाय माफी मागायची वेळ येत नाही.

प्रार्थना मोठ्याने करावी. येशूच्या दाखल्यातला, मंदिरात प्रार्थना करणारा तो परूशी, म्हणजे कर्मठ यहुदी, फसला, कारण "मी इतर माणसांसारखा नाही" हे त्याने उघड बोलून दाखवलं. तुम्ही माईक हातात घेऊन म्हणा, "प्रभू, मी धूळ आहे." पण मग चहाच्या वेळी कुणी हळूच म्हणालं, "त्या दिवशी तुमचं जरा चुकलंच," तर लगेच मंडळीची घटना काढा. धुळीला कलमं पाठ असावी लागतात.

पाय धुण्याचा विधी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर काही दिवसांतच रोमच्या बालसुधारगृहात गेले आणि त्यांनी 12 मुलामुलींचे पाय धुतले. त्यात मुस्लिमही होते. असलं काही आपल्याला नको. आपले बारा जण मतदारयादीतून निवडा आणि त्यांना घरून पाय धुऊनच यायला सांगा. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुताना आपल्याला पकडून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले, तेही त्याच्या मनात काय चाललंय ते ठाऊक असताना. पण आपल्या विरोधी पॅनेलला तेवढा वेळ देणं शक्य नाही, कारण फोटोग्राफर तासावर पैसे घेतो.

आणि रेव्हरंड टिळकांचं, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांचं, नाव घ्यायला विसरू नका. 1895 मध्ये इथे मुंबईतच त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ते चक्क फकिरी वृत्तीने राहू लागले. त्यांचं उदाहरण भजनापुरतं ठेवावं. टाळ वाजवताना डोळे मिटलेले असले की दुरुस्ती फंडाची वही दिसत नाही.

हे सगळं मी चार निवडणुका लढवून शिकलोय. यंदाही उभा आहे, लोकांच्या आग्रहाखातर. महिनाभर शेवटच्या बाकावर बसतोय. गेल्या रविवारीही कुणी पुढे बोलावलं नाही. मी दोनदा खोकलोसुद्धा.